पायाच्या दगडाचे मोल

९ जानेवारी १९७७ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना झाला. ओकलंड रेडर्स या संघाने मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघाचा ३२ विरुद्ध १४ असा पराभव केला. त्या दिवशी ओकलंडच्या खेळाडूंनी चेंडू हातात घेऊन धावत एकूण २६६ यार्डांची मजल मारली आणि त्यांपैकी १३७ यार्ड एकट्या क्लॅरेन्स डेव्हिस यांच्या नावावर लागले. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मान फ्रेड बिलेटनिकॉफ यांना मिळाला. त्यांनी चार वेळा चेंडू झेलला होता. मात्र ज्या दोन माणसांनी मैदानाच्या डाव्या बाजूला प्रतिपक्षाची फळी पुनःपुन्हा बाजूला सारून या धावांना वाट करून दिली, त्या जीन अपशॉ आणि आर्ट शेल यांच्या नावापुढे त्या दिवसाच्या आकडेवारीत काहीच नव्हते. असणारही नव्हते, कारण त्यांच्या कामाची नोंद ठेवण्याची रीतच त्या खेळात नव्हती.

देवळाचा कळस दुरून दिसतो, पाया दिसत नाही, हे काही नवे सत्य नव्हे. परंतु जेथे प्रत्येकाचा मोबदला बाजारात ठरतो, तेथे न दिसणाऱ्या कामाचे मोल कोणी आणि कसे करावयाचे, हा प्रश्न केवळ सुभाषिताने सुटत नाही. जीन अपशॉ यांची कारकीर्द या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. पंधरा वर्षे ते या अदृश्य फळीत उभे राहिले आणि त्यानंतर पंचवीस वर्षे त्यांनी त्याच खेळातील कामगारांच्या संघटनेची धुरा वाहिली. या दोन्ही कामांत त्यांनी जे मिळविले ते थोडे नव्हे. जे त्यांच्या हातून राहून गेले, तेही थोडे नाही.

खेळातील श्रमविभागणी

ज्याला आपल्याकडे फुटबॉल म्हणतात, त्याच्याशी या अमेरिकन खेळाचा नामसाधर्म्याखेरीज फारसा संबंध नाही. येथे चेंडू मुख्यतः हातात धरून पळविला किंवा फेकला जातो. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू असतात. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या हाती जातो. चढाईच्या अकरा जणांपैकी पाच जण चेंडूच्या रेषेवर खांद्याला खांदा लावून उभे असतात. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंस गार्ड आणि टोकाला टॅकल. या पाचांना मिळून ‘ऑफेन्सिव्ह लाइन’ म्हणतात. समोरून धावून येणारे धिप्पाड प्रतिस्पर्धी अडविणे, मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यास दोन-तीन सेकंद मिळवून देणे आणि धावणाऱ्याला वाट मोकळी करून देणे, हे त्यांचे काम. सर्वसाधारण परिस्थितीत पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची त्यांना नियमाने परवानगीच नसते. गुण मिळविण्याची संधी दुसऱ्यांना, ती निर्माण करण्याचे कष्ट यांना, अशी ही श्रमविभागणी आहे.

हे कष्ट साधे नव्हेत. एका सामन्यात साठ-सत्तर वेळा ही फळी रेषेवर वाकून उभी राहते आणि प्रत्येक वेळी दोन अवाढव्य देहांची टक्कर होते. बचाव करणाऱ्या खेळाडूने समोरच्याच्या शिरस्त्राणावर उघड्या तळहाताचा सणसणीत तडाखा देणे १९७७ पर्यंत नियमबाह्य नव्हते. त्याला अडविणाऱ्या लाइनमनला मात्र हात पुढे पसरण्याची मुभा नव्हती. ती १९७८ मध्ये मिळाली. अपशॉ यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग या जुन्या नियमांखाली गेला.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे, तर या फळीचे उत्पादन हे संयुक्त उत्पादन आहे. आर्मेन अल्चियन आणि हॅरॉल्ड डेम्सेट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९७२ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखात दोन माणसे मिळून जड माल ट्रकवर चढवीत असल्याचे उदाहरण घेतले आहे. माल चढला हे दिसते. पण त्यात कोणाचा वाटा किती, हे केवळ चढलेला माल मोजून सांगता येत नाही. मजुरी सीमान्त उत्पादकतेनुसार ठरते असे पाठ्यपुस्तके सांगतात. जेथे सीमान्त उत्पादकता मोजताच येत नाही, तेथे मजुरी ठरते ती मालकाच्या अंदाजाने आणि कामगाराच्या सौदाशक्तीने. पाच जणांपैकी चौघांनी आपले काम चोख केले आणि एकाचा पाय घसरला, तरी क्वार्टरबॅक आडवा होतो. म्हणजे या फळीचे यश कोणाच्या खात्यावर जमा होत नाही; अपयश मात्र नेमके नावासह दिसते.

कापसाच्या शेतातून

जीन अपशॉ यांचा जन्म १५ ऑगस्ट १९४५ रोजी टेक्ससमधील रॉब्सटाउन या लहानशा गावी झाला. लहानपणी त्यांनी भावंडांसमवेत शेतात कापूस वेचला. त्यांचे शिक्षण झाले ते टेक्सस ए. अँड आय. या किंग्जव्हिल येथील महाविद्यालयात. मोठ्या नामांकित विद्यापीठांच्या पंक्तीत ते बसणारे नव्हते. तेथून १९६७ साली ओकलंड रेडर्सनी त्यांना पहिल्याच फेरीत निवडले. या निवडीमागे एक विशिष्ट हिशेब होता. प्रतिस्पर्धी कॅन्सस सिटी संघात बक ब्यूकॅनन नावाचा साडेसहा फुटांहून उंच असा बचावपटू होता आणि त्याला तोडीस तोड असा माणूस ओकलंडचे चालक अल डेव्हिस यांना हवा होता. सहा फूट पाच इंच उंचीचे अपशॉ त्या कामासाठी आणले गेले.

पुढील पंधरा हंगामांत ते २१७ नियमित सामने खेळले. १९६८, १९७७ आणि १९८१ अशा तीन वेगवेगळ्या दशकांत त्यांनी ‘सुपर बोल’ हा अंतिम सामना खेळला आणि त्यांपैकी शेवटचे दोन जिंकले. त्यांच्या डाव्या हाताला उभे राहणारे आर्ट शेल पुढे १९८९ मध्ये ओकलंडहून लॉस एंजल्सला गेलेल्या त्याच संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. लीगच्या आधुनिक काळातील ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होत. अपशॉ यांची १९८७ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’मध्ये निवड झाली. केवळ गार्ड म्हणून खेळलेल्या खेळाडूला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. एका अर्थी पायाच्या दगडाला मिळालेली ती पहिली पावती होती.

एकच ग्राहक

परंतु ज्या वर्षी अपशॉ व्यावसायिक खेळात आले, ते वर्ष मजुरीच्या दृष्टीने अनुकूल नव्हते. १९६० नंतरच्या पाच-सहा वर्षांत अमेरिकेत फुटबॉलच्या दोन स्वतंत्र लीग होत्या आणि खेळाडू मिळविण्यासाठी त्यांच्यात चुरस होती. या चुरशीमुळेच १९६५ मध्ये जो नेमथ या महाविद्यालयीन क्वार्टरबॅकला न्यूयॉर्क जेट्सकडून चार लाख डॉलरांहून अधिक रकमेचा करार मिळाला. ही स्पर्धा मालकांना परवडणारी नव्हती. जून १९६६ मध्ये दोन्ही लीगनी एकत्र येण्याचा करार केला, काँग्रेसने त्याच वर्षी त्याला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली आणि १९६७ पासून नव्या खेळाडूंची निवड संयुक्तपणे होऊ लागली. अपशॉ या पहिल्या संयुक्त निवडीतले. दोन गिऱ्हाईके असलेला बाजार एका गिऱ्हाइकावर आला आणि त्याच दिवशी ते आपले श्रम घेऊन बाजारात उतरले, असे म्हणावयास हरकत नाही.

जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली अशा बाजाराचे सविस्तर विश्लेषण केले होते. श्रमाचा खरेदीदार एकच असेल, तर तो कामगाराला त्याच्या उत्पादकतेपेक्षा कमी मजुरी देऊ शकतो आणि कामगाराला दुसरीकडे जाण्याची वाट नसल्याने त्याला ती स्वीकारावी लागते. अमेरिकन व्यावसायिक खेळ हे या सिद्धान्ताचे जवळजवळ प्रयोगशाळेतील उदाहरण होय. कराराची मुदत संपलेल्या खेळाडूने दुसरा संघ गाठला, तर त्या नव्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यावी आणि ती किती हे लीगच्या आयुक्तांनी ठरवावे, असा नियम १९६३ पासून होता. भरपाई अनिश्चित आणि भारी असल्याने साहजिकच कोणी दुसऱ्याच्या खेळाडूला हात लावीत नसे. जॉन मॅकी या खेळाडूने व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखल केलेल्या खटल्यात अपील न्यायालयाने १९७६ मध्ये हा नियम बेकायदेशीर ठरविला. पण त्यानंतर १९७७ च्या सामूहिक करारात संघटनेने भरपाईची दुसरी पद्धत मान्य केली आणि न्यायालयात मिळविलेले वाटाघाटीच्या टेबलावर बव्हंशी गमावले.

फसलेले दोन संप

अपशॉ १९८० मध्ये खेळाडू संघटनेचे अध्यक्ष झाले आणि १९८३ मध्ये खेळातून निवृत्त झाल्यावर तिचे कार्यकारी संचालक. अमेरिकेतील एखाद्या प्रमुख खेळाडू संघटनेची सूत्रे कृष्णवर्णीय माणसाच्या हाती येण्याची ती पहिली वेळ होती. मध्यंतरी १९८२ मध्ये सत्तावन्न दिवसांचा संप झाला होता. लीगच्या एकूण उत्पन्नाचा ५५ टक्के भाग खेळाडूंना मिळावा, ही त्या वेळची मुख्य मागणी. हंगाम प्रत्येक संघाला नऊ सामन्यांवर आला; मागणी मात्र मान्य झाली नाही.

१९८७ चा संप अपशॉ यांच्याच नेतृत्वाखाली झाला आणि तो अधिक वाईट रीतीने फसला. मागणी या वेळी टक्केवारीची नव्हती. कराराची मुदत संपलेल्या खेळाडूला हव्या त्या संघात जाण्याचे स्वातंत्र्य असावे, ही होती. मालकांनी एका आठवड्याचे सामने रद्द केले आणि पुढील तीन आठवडे बदली खेळाडू मैदानात उतरविले. दूरचित्रवाणीवर ते सामने दाखविले गेले. नियमित खेळाडूंपैकी सुमारे पंधरा टक्के, त्यांत काही नामवंतही होते, संप मोडून आत गेले. चोवीस दिवसांनी संघटनेला बिनशर्त माघार घ्यावी लागली आणि तिच्या हाती नवा करारही उरला नाही.

हा संप का फसला, हे समजणे अवघड नाही. संप हे हत्यार कामगाराच्या टिकाव धरण्याच्या शक्तीवर अवलंबून असते. ज्याची कारकीर्द तीस-चाळीस वर्षांची आहे, त्याला महिन्याभराची मजुरी गमावणे सोसते, कारण वाढीव मजुरीचा लाभ त्याला पुढे अनेक वर्षे मिळणार असतो. या खेळातील सरासरी कारकीर्द संघटनेच्या हिशेबाने जेमतेम तीन-साडेतीन वर्षांची. दर सामन्यामागे वर्षाच्या पगाराचा सोळावा हिस्सा बुडत असताना आणि लाभ आपल्या वाट्याला येईलच याची शाश्वती नसताना, अशा कामगाराने किती काळ दम धरावा? मालक मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचे असतात. त्यांना घाई नसते.

संघटना मोडून मिळविलेला विजय

यानंतर अपशॉ यांनी जो मार्ग स्वीकारला, तो कामगार चळवळीच्या इतिहासात विलक्षण म्हणावा असा आहे. १९८९ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला, की खेळाडू व मालक यांच्यात सामूहिक वाटाघाटीचे नाते आहे तोवर मालकांना मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण राहील. याचा अर्थ असा, की कामगारांची संघटना अस्तित्वात असणे हीच मालकांची ढाल ठरली होती. तेव्हा अपशॉ आणि त्यांच्या कायदेपंडितांनी ती ढालच काढून घेतली. संघटनेने कामगार संघटना म्हणून असलेला आपला दर्जा त्याच वर्षी सोडून दिला आणि ती केवळ व्यावसायिकांची एक सभा म्हणून उरली. खटल्यांसाठी पैसा उभा राहिला तो खेळाडूंची नावे व छायाचित्रे वापरण्याच्या परवान्यांपासून येणाऱ्या उत्पन्नातून. ज्यांना ते उत्पन्न मिळावयाचे, त्यांनी ते सामूहिक कामासाठी सोडले.

दरम्यान मालकांनी एक तडजोड पुढे केली होती. प्रत्येक संघाने सदतीस खेळाडू राखून ठेवावेत आणि उरलेल्यांना मोकळे करावे, अशी ती योजना. म्हणजे ज्यांना बाजारात किंमत होती ते बांधलेले आणि ज्यांना नव्हती ते स्वतंत्र. सप्टेंबर १९९२ मध्ये मिनियापोलिस येथील ज्यूरीने ही योजना मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरविली. त्यानंतर मालक तडजोडीस आले. १९९३ च्या करारान्वये ठराविक वर्षांच्या सेवेनंतर खेळाडूला आपला संघ निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले आणि संघटनाही पुन्हा संघटना झाली. मोबदल्यात खेळाडूंनी प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर कमाल मर्यादा मान्य केली. ही मर्यादा लीगच्या उत्पन्नाशी निगडित होती. १९८२ मध्ये संपाने जो उत्पन्नातील हिस्सा मिळाला नव्हता, तो अकरा वर्षांनी, वेगळ्या रूपाने का होईना, पदरात पडला. १९९४ मध्ये ही मर्यादा प्रत्येक संघास ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. अपशॉ यांच्या अखेरच्या वर्षी, २००८ मध्ये, ती ११ कोटी ६० लाखांवर गेली आणि २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाखांवर. चलनवाढ वजा केली तरी ही वाढ लहान नाही.

बाजाराला उमगलेली किंमत

या स्वातंत्र्याचा सर्वांत उद्बोधक परिणाम दिसला तो पुन्हा त्या अदृश्य फळीवरच. १९९३ च्या पहिल्याच खुल्या बाजारात बफेलो संघाचा डावा टॅकल विल वोल्फर्ड याच्याशी इंडियानापोलिसच्या संघाने तीन वर्षांचा ७६ लाख ५० हजार डॉलरांचा करार केला आणि त्यात एक अट घातली, की संघाच्या चढाई-विभागात सर्वाधिक वेतन याचेच राहील. ज्याच्या नावापुढे एकही आकडा लागत नाही, असा लाइनमन क्वार्टरबॅकपेक्षा अधिक वेतन घेणार, ही कल्पना प्रस्थापितांना रुचली नाही. लीगने ती अट मान्य करण्यास नकार दिला. परंतु लवादाने करार उचलून धरला. त्यानंतरच्या काळात डाव्या टॅकलची गणना क्वार्टरबॅकच्या खालोखाल वेतन घेणाऱ्यांत होऊ लागली.

वोल्फर्डचे बळ एका रात्रीत वाढले होते, असे अर्थातच नव्हे. नोव्हेंबर १९८५ मध्ये वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइजमन याचा पाय लॉरेन्स टेलर या बचावपटूच्या धडकेने मोडला आणि त्याची कारकीर्द तेथेच संपली. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची डावी बाजू त्याच्या नजरेआड असते. ती सांभाळणारा माणूस किती मोलाचा, हे त्या एका क्षणाने सर्वांना समजले होते. समजलेले मोल मजुरीत उतरण्यास मात्र आठ वर्षे आणि एक खटला लागला. मोल असणे ही एक गोष्ट आणि ते मिळणे ही दुसरी. या दोहोंच्या मध्ये नेहमी एखादी संस्था, एखादा कायदा किंवा एखादा संघर्ष उभा असतो. अपशॉ यांचे खरे कर्तृत्व हे, की स्वतःच्या पिढीला जे मिळाले नाही, ते पुढच्या पिढीच्या लाइनमनला मिळेल अशी बाजाराची रचना त्यांनी घडवून आणली.

हिशेबाची दुसरी बाजू

येथे हा लेखाजोखा थांबला असता, तर तो एका यशस्वी कामगार नेत्याचा गौरव ठरला असता. परंतु या फळीत काम केलेल्या दुसऱ्या एका माणसाची कहाणी त्यास जोडल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. माइक वेबस्टर हे पिट्सबर्ग स्टीलर्सचे सेंटर. १९७४ ते १९९० असे सतरा हंगाम ते खेळले. चार वेळा त्यांचा संघ अजिंक्य ठरला. १९९७ मध्ये त्यांनाही ‘हॉल ऑफ फेम’चा मान मिळाला. त्या वेळी त्यांची स्मृती ढासळत चालली होती, संसार मोडला होता आणि कित्येक रात्री ते आपल्या ट्रकमध्ये झोपून काढीत. २४ सप्टेंबर २००२ रोजी वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मूळचे नायजेरियाचे असलेले डॉ. बेनेट ओमालू यांनी त्यांच्या मेंदूची तपासणी केली, तेव्हा वारंवार बसणाऱ्या आघातांनी होणाऱ्या ऱ्हासाची चिन्हे त्यांत आढळली. २००५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाल्यावर लीगच्या वैद्यकीय समितीच्या सदस्यांनी ते मागे घेण्याची मागणी केली. असा काही संबंध आहे, हे लीगच्या प्रतिनिधीने काँग्रेसच्या समितीपुढे मान्य केले ते २०१६ मध्ये.

वेबस्टर यांनी अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला होता. ते पूर्णतः व कायमचे अपंग झाले आहेत हे निवृत्तिवेतन मंडळाने मान्य केले. पण हे अपंगत्व खेळाच्या काळात नव्हे, तर त्यानंतर आले, असे म्हणून त्यांना कमी दराचे वेतन दिले. त्यांच्या वारसांना न्यायालयात जावे लागले आणि डिसेंबर २००६ मध्ये अपील न्यायालयाने मंडळाविरुद्ध निर्णय कायम केला. या मंडळाच्या सहा मतदार सदस्यांपैकी तीन मालकांचे होते. उरलेले तीन खेळाडू संघटनेचे होते, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे.

ज्या जॉन मॅकी यांच्या खटल्याने १९७६ मध्ये स्वातंत्र्याची पहिली वाट उघडली, त्यांनाही उतारवयात स्मृतिभ्रंशाने गाठले. त्यांच्या जर्सीचा क्रमांक ८८ होता. त्यावरून नाव दिलेली योजना २००७ मध्ये सुरू झाली आणि अशा रुग्णांच्या शुश्रूषेसाठी वर्षाला ८८ हजार डॉलरांपर्यंत मदत मिळू लागली. ही योजना लीग व अपशॉ यांची संघटना यांनी मिळून केली, हे नमूद करावयास हवे. परंतु जुन्या खेळाडूंचा रोष त्याने शमला नाही. १९९३ पूर्वी निवृत्त झालेल्यांचे निवृत्तिवेतन तुटपुंजे होते आणि त्यांतील अनेकांच्या गुडघ्यांची व पाठीच्या मणक्यांची वासलात लागली होती. त्यांच्या टीकेला उत्तर देताना अपशॉ २००६ मध्ये म्हणाले, की निवृत्त खेळाडू आपल्याला नेमत नाहीत आणि काढूही शकत नाहीत. आपण त्यांचे नोकर नव्हे.

हे उत्तर कठोर होते. दुर्दैवाने ते कायद्याच्या दृष्टीने अचूक होते. निवृत्त कामगार हे वाटाघाटीच्या घटकाचे सदस्य नसतात, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच एका रासायनिक कारखान्याच्या प्रकरणात दिला होता. त्यामुळे जुन्यांसाठी जे काही मिळविले, ते बंधन नसताना मिळविले, असा अपशॉ यांचा बचाव होता आणि त्यांच्या काळात जुन्यांची निवृत्तिवेतने वेळोवेळी वाढविली गेली हेही खरे. पण ज्या माणसाने १९८९ मध्ये कायद्याची चौकट आपल्या लोकांच्या आड येते असे दिसताच ती चौकटच बाजूला सारली, त्याने आपल्याच जुन्या सहकाऱ्यांच्या बाबतीत त्याच चौकटीचा आसरा घ्यावा, हे त्यांना जिव्हारी लागले तर नवल नाही. २० ऑगस्ट २००८ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने अपशॉ यांचे निधन झाले. रोगाचे निदान होऊन जेमतेम काही दिवस लोटले होते. त्यानंतर तीनच महिन्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथील ज्यूरीने परवान्यांच्या उत्पन्नात निवृत्त खेळाडूंवर अन्याय झाल्याचे ठरवून संघटनेच्या शाखेला २ कोटी ८१ लाख डॉलरांची भरपाई देण्यास फर्माविले.

दोष रचनेचा

अपशॉ यांच्या स्वभावावर बोट ठेवून हा विषय संपविणे सोपे आहे. परंतु ते अपुरे ठरेल. संघटनेचा नेता निवडणारा मतदार हा तीन-चार वर्षांचा पाहुणा असतो. त्याला आज हातात पडणारा डॉलर वीस वर्षांनंतरच्या डॉलरपेक्षा कितीतरी अधिक मोलाचा वाटतो आणि आपण कधी पन्नाशीचे होऊन ट्रकमध्ये झोपू, हे पंचविशीत कोणालाच पटत नाही. अशा मतदारांचा प्रतिनिधी आजच्या वेतनावर भर देणार, उद्याच्या निवृत्तिवेतनावर नव्हे. १९८७ मध्ये ज्या अल्पजीवी कारकिर्दीने संप फोडला, तिनेच पुढे निवृत्तांचा प्रश्नही मागे ढकलला. मालकांच्या पथ्यावर दोन्ही गोष्टी पडल्या.

त्यातच या धंद्यातील इजा ही सिलिकोसिससारख्या व्यवसायजन्य रोगांच्या जातीची आहे. दगडाच्या खाणीतील धूळ ज्या दिवशी फुप्फुसात जाते, त्या दिवशी कोणी आजारी पडत नाही. लाइनमनला बसणारे धक्के बहुतेक वेळा बेशुद्ध करणारे नसतात. ते लहान असतात आणि हजारोंनी असतात. परिणाम दिसू लागतो तेव्हा कामगार कामावर नसतो, मालक बदललेला असतो आणि पुराव्याचा भार दुबळ्याच्या शिरावर असतो. बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये या लीगमधील १११ मृत खेळाडूंच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ११० मेंदूंत हा विकार आढळला. कुटुंबीयांनी शंका आल्यामुळेच बहुधा हे मेंदू दान केले होते. म्हणून हे प्रमाण सर्व खेळाडूंना लागू करणे संख्याशास्त्राच्या दृष्टीने चूक ठरेल. तरीही ११० हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. अपशॉ व शेल यांनी ज्याला वर्षानुवर्षे सांभाळले, तो ओकलंडचा क्वार्टरबॅक केन स्टेबलर २०१५ मध्ये वारला. त्याच्याही मेंदूत हाच विकार निघाला. ज्याचे रक्षण झाले तोही पुरता सुरक्षित नव्हता. मग रक्षण करणाऱ्यांचे काय?

अपशॉ यांच्यानंतर परिस्थिती काहीशी सुधारली आहे. २०११ च्या करारात १९९३ पूर्वीच्या निवृत्तांसाठी ६२ कोटी डॉलरांचा निधी उभारण्यात आला. मेंदूच्या विकारांबाबत हजारो माजी खेळाडूंनी भरलेल्या खटल्यात २०१३ मध्ये ७६ कोटी ५० लाख डॉलरांची तडजोड झाली आणि पुढे तिच्यावरील कमाल मर्यादाही काढून टाकण्यात आली. मात्र या तडजोडीतील वैद्यकीय चाचण्यांत कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ बौद्धिक पातळीच कमी धरण्याची रीत होती. ती सोडून देण्याचे २०२१ मध्ये मान्य झाले. म्हणजे न्यायालयात मिळविलेली भरपाईसुद्धा कोणत्या मापाने मोजली जाते, यावर नजर ठेवावी लागतेच.

निवृत्तिवेतन आणि अपंगत्वाची भरपाई ही दया नव्हे. ते पुढे ढकललेले वेतन आहे, हे तत्त्व अर्थशास्त्रात जुने आहे. ते खरे असेल, तर त्याची तरतूद काम चालू असतानाच, त्या कामाच्या उत्पन्नातूनच झाली पाहिजे. तिचा निधी मालक व चालू कामगार या दोघांच्याही सौद्याबाहेर ठेवला पाहिजे. इजेचा निर्णय करणाऱ्या मंडळात ज्यांचा खर्च वाचणार आहे त्यांचेच प्रतिनिधी बहुसंख्य असता कामा नयेत. इजा उशिरा प्रकट होते हे ज्ञात असलेल्या धंद्यात पुराव्याचा भार कामगारावर टाकणे अन्यायाचे आहे. या गोष्टी मान्य करण्यास फुटबॉल कळावाच लागतो असे नाही.

जीन अपशॉ यांनी न दिसणाऱ्या श्रमाला बाजारात किंमत मिळवून दिली, ही त्यांची कामगिरी कोणी पुसू शकणार नाही. परंतु बाजार किंमत करतो ती आज उपयोगी पडणाऱ्या श्रमाची. काल झिजलेल्या शरीराला तो भाव देत नाही, कारण त्याच्याकडे विकण्यासारखे काही उरलेले नसते. ते काम बाजाराचे नव्हे. ते करारांचे, कायद्याचे आणि सहकाऱ्यांच्या स्मरणशक्तीचे आहे. १९७७ च्या त्या दुपारी डावीकडची वाट ज्यांनी मोकळी केली, त्यांची नोंद कागदावर झाली नाही. निदान त्यांच्या आणि त्यांच्यासारख्या इतरांच्या उतारवयाची नोंद तरी कोणीतरी ठेवली पाहिजे होती. ज्याला ती सर्वांत चांगली ठेवता आली असती, तो त्याच फळीतून आलेला होता, हे या कारकिर्दीचे सर्वांत मोठे शल्य होय.